रंग घरचा की विकतचा? प्रश्न एवढाच नाही

फाल्गुन लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक चर्चा ठरलेली असते. यंदा रंग विकत आणायचा की घरी करायचा? एका बाजूचे म्हणणे असे की बाजारातल्या रंगात काय मिसळले आहे कोण जाणे. त्यापेक्षा कॉर्नफ्लॉवर, हळद आणि बीट आणले की दोन दिवसांत रंग तयार. दुसरी बाजू विचारते, तीनशे माणसांना पुरेल एवढा रंग कुटत कोण बसणार? ‘हर्बल’ लिहिलेली पाकिटे घाऊक आणून मोकळे होऊ. चर्चा बहुधा खर्चावर येऊन संपते. आता ती धुळवडीपुरतीही उरलेली नाही. शाळेचे स्नेहसंमेलन, रंग उधळत धावण्याच्या शर्यती, लग्नाआधीचे फोटो, गणपतीची मिरवणूक, निवडणुकीचा निकाल, अशा साऱ्या प्रसंगी कोरडी रंगीत पूड उधळली जाते. ती आता बारमाही झाली आहे.

या चर्चेत एक गफलत मात्र कायम राहते. रंगाच्या मुठीत दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे रंगद्रव्य, आणि दुसरी म्हणजे ते ज्यात कालवले आहे ती भुकटी. वजनाने पाहिले तर मूठभर रंगात जवळजवळ सगळी भुकटीच असते. ‘घरचा की विकतचा’ या प्रश्नाचे उत्तर रंगद्रव्यापुरते मिळते. भुकटी डोळ्यात जाते, श्वासात जाते आणि विस्तवाशी गाठ पडली तर पेटते. ती कोणाच्या स्वयंपाकघरात तयार झाली, याने त्यात काहीच बदल होत नाही.

रंगद्रव्याचा धोका

आधी रंगद्रव्य पाहू, कारण भीती त्याचीच अधिक आहे आणि ती निराधार नाही. मॅलाकाइट ग्रीन, ऱ्होडामाइन बी, ऑरामाइन हे रंग कापड, कागद, चामडे रंगवण्यासाठी बनलेले आहेत. ते स्वस्त असतात, चिमूटभर घातले तरी भडक उठतात आणि सहज निघत नाहीत. रंग विकणाऱ्याला जे गुण हवे असतात, त्यांनीच त्वचेचे नुकसान होते. खाज, पुरळ, फोड, डोळ्यांची आग या तक्रारी घेऊन धुळवडीच्या दुपारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात रांगा लागतात, त्यामागे बऱ्याचदा हे रंग असतात.

क्वचित प्रसंग याहून गंभीर होतो. ८ मार्च २०१२ रोजी धुळवडीच्या दिवशी मुंबईत धारावी परिसरातील दोनशेच्या आसपास जण, बहुतेक शाळकरी मुले, चक्कर, उलट्या आणि मळमळ होऊ लागल्याने शीव रुग्णालयात आणली गेली. एका मुलाचा मृत्यू झाला. होळीच्या रंगांनंतर मुलांना ‘मेथहिमोग्लोबिनेमिया’ झाल्याच्या नोंदी मुंबईतील बालरोगतज्ज्ञांनी पुढे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या आहेत. हा शब्द अवघड असला तरी त्यामागची गोष्ट सोपी आहे. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. अ‍ॅनिलीनच्या कुळातील काही रसायने त्वचेतून, श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात गेली की या लोहाचे रूप पालटते. मग रक्त वाहत राहते, पण प्राणवायू पोचवत नाही. ओठ आणि नखे निळसर दिसू लागतात, आणि प्राणवायूचा मास्क लावूनही तो निळेपणा जात नाही. यावर उतारा आहे, तो म्हणजे मेथिलिन ब्लू. गंमत अशी की तोही एक रंगच आहे. पण तो शुद्ध, मोजून दिलेला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून दिला जातो.

रंगद्रव्याच्या कसोटीवर घरचा रंग सरस ठरतो, हे मान्य करायला हवे. हळद, बीट, पालक, जास्वंद, झेंडू, पळस यांत औद्योगिक रंग नसतो. ते फिके उठतात आणि लवकर निघून जातात. अनेकांना हा दोष वाटतो, पण त्वचेच्या दृष्टीने तीच त्यांची खूण आहे. एका आंघोळीत निघून जाणारा रंग त्वचेला घट्ट धरून बसलेला नसतो.

घरी करताना कुठे चुकते?

घरचा म्हणजे निर्धोक, असे मात्र नाही. पहिली अडचण कच्च्या मालाची. घरी रंग करणारे बहुतेकजण कॉर्नफ्लॉवरमध्ये ‘खाण्याचा रंग’ कालवतात, वाळवतात, कुटतात आणि चाळतात. भारतात अन्नात वापरायला परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजके, म्हणजे आठच आहेत. पॉन्सो ४ आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, टार्ट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन ही त्यांची नावे. पाकिटावर यांपैकी नाव, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता नसेल, तर कागदी पुडीतील ‘खाण्याचा रंग’ खाण्याचा असेलच असे नाही. २०२४च्या सुरुवातीला ऱ्होडामाइन बी सापडल्यामुळे पुदुच्चेरी आणि तमिळनाडू सरकारांनी ‘म्हातारीचे केस’ म्हणजे कॉटन कँडीवर बंदी घातली, आणि कर्नाटकाने अन्नात या रंगाच्या वापरावर. जो रंग मिठाईत शिरतो तो घरच्या गुलालात शिरणार नाही, याची हमी कोण देणार?

दुसरी वस्तू हळद. पिवळेपणा वाढवण्यासाठी हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर आढळले. २०१९ मध्ये संशोधकांनी ते पुराव्यानिशी मांडल्यावर तिथल्या सरकारने कारवाई केली. लेड क्रोमेटमध्ये शिसे असते आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. रंगासाठी सुटी, संशयास्पद भडक हळद घेण्यापेक्षा हळकुंडे आणून दळून घेणे बरे.

तिसरी वस्तू चुना. हळदीत चुना घातला की ती लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत हीच. कपाळाला बोटभर लावायला ती ठीक आहे, पण तोंडावर उधळायला नाही. चुना डोळ्यात गेला तर तो बुबुळ जाळतो. क्षाराची इजा अॅसिडपेक्षा खोल जाते, कारण ती पेशी विरघळवत आत शिरते. मुले खेळणार असतील तिथे चुन्याने लाल केलेली हळद नकोच.

चौथी गोष्ट वाळवण्याची. ओलसर स्टार्च डब्यात भरला की दोन-चार दिवसांत त्यावर बुरशी येते. ती पूड उधळली की बुरशीचे बीजाणूही उधळले जातात आणि दम्याच्या रुग्णाला तेवढे निमित्त पुरते. रंग पातळ थरात पसरून, अगदी खडखडीत वाळल्यावरच कुटावा. कुबट वास आला तर तो टाकून द्यावा. बेसन किंवा गव्हाचे पीठ वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की या पिठांची ॲलर्जी असलेली माणसे असतात. वर्षानुवर्षे पीठ हुंगणाऱ्या बेकरी कामगारांना होणारा दमा वैद्यकशास्त्राला जुना परिचयाचा आहे.

पाचवी गोष्ट क्वचितच कोणाच्या लक्षात येते. वाळलेला रंग मिक्सरमधून काढताना आणि चाळताना पुडीचा ढग उठतो. ओट्यावर शेजारी गॅस चालू असेल तर हे काम तिथे करू नये. का, ते पुढे येईलच.

विकतच्या पाकिटावर काय वाचावे?

बाजारातील सगळेच रंग वाईट नसतात. नावाजलेल्या उत्पादकाच्या पाकिटावर घटकांची यादी, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि पत्ता असतो. ‘हर्बल’, ‘ऑरगॅनिक’, ‘इको-फ्रेंडली’ हे शब्द घटकांची जागा घेऊ शकत नाहीत. पाकिटावर पानाफुलांचे चित्र आहे आणि घटकांचा पत्ता नाही, तर ते परत ठेवावे. रंगात चमक दिसत असेल तर त्यात अभ्रकाचा किंवा इतर चमकीचा चुरा असू शकतो, आणि तो डोळ्यात गेला की ओरखडे काढतो. रॉकेलसारखा किंवा झोंबणारा वास येणारा रंग घेऊच नये.

घरच्या घरी काही गोष्टी ओळखता येतात. पुडीवर लिंबू पिळल्यावर फेस आला तर तिच्यात खडूची भुकटी किंवा खाण्याचा सोडा असण्याची शक्यता मोठी. बोटांत चोळल्यावर पूड साबणासारखी गुळगुळीत लागली तर शंखजिरे असू शकते. पण रंगद्रव्य विषारी आहे की नाही, हे सांगणारी खात्रीची घरगुती चाचणी नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या युक्त्यांवर भिस्त ठेवू नये.

भुकटी: डोळे आणि श्वास

आता मुठीतल्या दुसऱ्या वस्तूकडे वळू. भुकटी बहुधा तीन प्रकारची असते: स्टार्च किंवा पीठ, खडू, आणि शंखजिरे. काही जण ऐनवेळी रांगोळीच उधळतात. रांगोळी शिरगोळ्याची, म्हणजे दगडाचा चुरा. ती जमिनीवर काढायची वस्तू आहे. डोळ्यात गेली तर बुबुळावर खरवड उठते.

श्वासाचे गणित कणाच्या आकारावर ठरते. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतांशी नाकातोंडात आणि घशात अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकांत उतरतात. मक्याच्या स्टार्चचे कण साधारण पाच ते वीस मायक्रॉनचे असतात, तांदळाचे त्याहून बारीक. २०१६ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी तिथल्या होळी महोत्सवांत विकले जाणारे रंग तपासले. त्यांत श्वासनलिकांत उतरण्याजोगे बारीक कण होते, आणि प्रयोगशाळेत मानवी पेशींवर त्यांनी दाह निर्माण केला. यातील पेच असा की रंग जितका वस्त्रगाळ, तितका तो त्वचेला आणि डोळ्यांना मऊ. पण तितकाच तो हवेत जास्त वेळ तरंगतो आणि छातीत खोल जातो. घरी दोनदा चाळून केलेला मऊसूत गुलालही याला अपवाद नाही.

शंखजिऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. ते शरीरात विरघळत नाही. खाणीत त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेले निघू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये शंखजिऱ्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. वर्षातून एका दिवसाच्या गुलालाने कर्करोग होतो, असा याचा अर्थ नाही. पण ढोल-ताशा पथकातील वादक, रंग भरणारे कामगार, मिरवणुकीच्या बंदोबस्तावरील पोलीस हे तासन्‌तास त्या धुळीत उभे असतात, आणि त्यांचा हिशेब आपण कधी करत नाही.

आणि आग

शंखजिऱ्याची भीती वाटू लागली तसे ‘खाता येईल इतका शुद्ध’ असा स्टार्चचा रंग पुढे आला. त्वचेसाठी हा बदल चांगला आहे, पण त्याची एक किंमत आहे. दगडाची पूड पेटत नाही, पीठ पेटते.

ढिगात पडलेल्या कॉर्नफ्लॉवरला काडी लावली तर ते जेमतेम काळवंडते. तेच हवेत उधळले की प्रत्येक कणाभोवती प्राणवायू असतो, एक कण पेटला की शेजारचा पेटतो आणि क्षणात सगळा ढग भडकतो. पिठाच्या गिरण्या आणि साखर कारखान्यांना हा धोका पूर्वीपासून माहीत आहे. मक्याच्या स्टार्चचा ढग पेटायला एक घनमीटर हवेत साधारण साठ ग्रॅम पूड पुरते. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत सुमारे अठ्ठावीस घनमीटर हवा असते, म्हणजे तिथे दीड-दोन किलो रंग एकदम उधळला की झाले. त्याला ठिणगी हवी असते, आणि आपल्या समारंभात ठिणग्यांना तोटा नसतो. निरांजन, कापूर, फटाके, विडी-सिगारेट, रंगमंचाचे तापलेले दिवे, जनरेटर, सगळे तिथेच असते.

२७ जून २०१५ रोजी तैवानमध्ये न्यू तैपेईतील एका जलक्रीडा उद्यानात रंगांचा कार्यक्रम होता. पाणी काढून टाकलेल्या तलावात तरुण मुले-मुली संगीतावर नाचत होती आणि मंचावरून रंगीत मक्याचे पीठ फवारले जात होते. तापलेल्या दिव्याशी ढग पेटला. पाचशेच्या आसपास जण भाजले आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. अनेकांचे पाय सर्वांत जास्त भाजले, कारण तलावाच्या तळाशी साठलेला पुडीचा थर धावणाऱ्यांच्या पायांनी पुन्हा उडत होता आणि पेटत होता. त्यानंतर तिथल्या सरकारने ज्वलनशील पूड उधळण्याच्या अशा कार्यक्रमांवर बंदी घातली. तो रंग खाण्याच्याच पिठाचा होता, आणि पेटला तोही त्याचमुळे.

हे दूरचे वाटत असेल तर जवळची दोन उदाहरणे आहेत. २५ मार्च २०२४ रोजी, होळीच्या पहाटे, उज्जैनच्या महाकाल मंदिराच्या गर्भगृहात भस्म आरती सुरू असताना गुलाल उधळला गेला, तो आरतीच्या पेटत्या कापरावर पडला आणि भडका उडाला. चौदा जण भाजले; त्यांतील एका वृद्ध सेवकाचा पुढे मृत्यू झाला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातील महागाव येथे विजयी उमेदवाराला महिला ओवाळत होत्या. वरून जेसीबीने गुलाल सोडला गेला, तो निरांजनावर आला आणि आग भडकली. उमेदवारासह काही महिला भाजल्या.

तिन्ही ठिकाणी साम्य एकच: एकाच वेळी भरपूर पूड, जवळ उघडी ज्योत किंवा तापलेला दिवा, आणि बाहेर पडायला जागा नसलेली गर्दी. हे तिन्ही एकत्र आले तर पाकिटावर काय लिहिले होते याला अर्थ उरत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी घरी, प्रेमाने, शुद्ध मक्याच्या पिठाचा रंग केला असता, तरी तो असाच पेटला असता.

मग ठरवायचे कसे?

प्रश्न नव्याने मांडायला हवा. घरच्या अंगणात दहा-पंधरा जण, हाताने गालाला रंग लावणार, जवळ विस्तव नाही, अशा वेळी घरचा रंग उत्तम. दीड-दोन किलोत काम भागते आणि त्यात काय आहे हे ठाऊक असते.

शंभर-दोनशे जणांचा कार्यक्रम असेल तर घरी केलेल्या मालाची एकसारखी प्रत राखणे अवघड जाते. कोणाचा ओला राहतो, कोणी सुटा रंग आणतो, कोणी चुना घालतो. तिथे घटक छापलेला, एकाच बॅचचा विकतचा रंग घेणे शहाणपणाचे. पण त्याआधी आयोजकांनी वेगळ्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत. रंग हाताने लावायचा की यंत्राने फवारायचा? फवारणी, पंखे, जेसीबी यांना फाटा द्यावा. कार्यक्रम बंद सभागृहात किंवा कापडी मंडपात आहे का? असेल तर कोरडा रंग नको. औक्षण, आरती, फटाके आधी उरकून घ्यावेत; ज्योती विझल्यावरच गुलालाचे पोते उघडावे. ही शिस्त पाळायला एक पैसा लागत नाही. जमिनीवर साठलेला थर मधूनमधून पाणी शिंपडून बसवावा. दम्याचे रुग्ण, लहान बाळे आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे यांना ढगापासून दूर बसण्याची सोय असावी. मिरवणुकीच्या बैठकीत आवाजाची पातळी आणि मूर्तीची उंची यांवर तासभर चर्चा होते. गुलालाची पोती किती आणि ती निरांजनापासून किती लांब, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे.

गर्दी फार मोठी असेल तर सर्वांत चांगला पर्याय म्हणजे कोरडा रंग सोडून ओल्याकडे जाणे. पाण्यातला रंग ना हवेत तरंगतो, ना पेटतो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. नाशिकमध्ये रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात, म्हणजे जमिनीतील मोठे हौद, आणि फुलापानांचा रंग उकळून केलेल्या पाण्यात लोक उड्या घेतात. प्रत्येक गावात रहाड नसते, पण पळसाची फुले रात्रभर भिजवून सकाळी उकळली तर बादलीभर केशरी पाणी कुठेही होते. त्या पाण्यात दुसरे काही मिसळू नये, आणि ते तोंडात व डोळ्यात जाऊ देऊ नये, एवढेच पथ्य.

झालेच तर

डोळ्यात रंग गेला तर चोळू नये. लेन्स असेल तर ती काढावी, पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि दुखणे किंवा अंधुकपणा राहिला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. अंगावरचा कोरडा रंग आधी झटकावा, मग पाणी आणि सौम्य साबण; रॉकेल किंवा थिनर त्वचेला लावू नये. कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही लावू नये. रंग खेळून आलेल्या मुलाला चक्कर, उलट्या, धाप लागत असेल आणि ओठ निळसर दिसत असतील तर ‘ऊन लागले असेल’ म्हणून घरी झोपवू नये. अंगावरचे रंगलेले कपडे उतरवून, अंग धुऊन त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि खेळलेल्या रंगाची पुडी सोबत घ्यावी. डॉक्टरांना उपचाराची दिशा ठरवायला त्या पुडीची मदत होते.